जामीनदार म्हणून सही करण्याआधी: कोकणातल्या नवख्यांसाठी

कायम नोकरीची ऑर्डर हातात पडते, चार पगार खात्यात जमा होतात, आणि एखाद्या रविवारी नात्यातलं कोणीतरी पिशवीत फॉर्म घेऊन पडवीत येऊन बसतं. "दादा, फक्त सय करूची आसा, बाकी काय नाय." शिक्षक, आरोग्यसेविका, एसटीचे वाहक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, मुंबईत पक्की नोकरी असलेले चाकरमानी, या सगळ्यांच्या वाट्याला हा रविवार येतो. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे किंवा लवकरच येणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

जामीन राहूच नका असं मी सांगणार नाही. तारण ठेवायला काही नसलेल्या माणसाला भाऊबंदांच्या सहीवरच इथे पहिली होडी घेता आली, पहिली रिक्षा रस्त्यावर आणता आली. सातबाऱ्यावर आज्याच्या काळापासूनची पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत आणि काही हयातही नाहीत. अशी जमीन एकट्याने तारण कशी ठेवणार? म्हणून पतसंस्था जामीनदार मागते, आणि ते मागणं रास्त आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. सही देताना आपण माणूस पाहतो. निर्व्यसनी आहे, शब्दाला पक्का आहे, आईवडिलांना सांभाळतो. हे पाहावंच. पण आपल्याकडचं कर्ज थकतं तेव्हा दर वेळी माणूस खोटा निघालेला नसतो. मोहोर गळतो, इंजिन बसतं, मुंबईतली नोकरी जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. नवं झाड लावून उत्पन्न हातात यायला पाच-सहा वर्षं सहज जातात. त्या बागायतदारांच्या सचोटीवर कोणी बोट ठेवलं नसतं, तरी हप्ते अडकले. म्हणून माणूस पारखून झाल्यावर त्याचा पैसाही पारखायचा: किती येतो, कधी येतो आणि येण्याआधीच त्यावर कोणाचा हक्क लागलेला आहे. पुढच्या पायऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त जागा मी याच गोष्टीला आणि कागदाला दिली आहे.

पहिली पायरी: नक्की काय मागितलं आहे ते ओळखा

"माझ्यासाठी शब्द टाक" या एकाच वाक्यात दोन वेगळ्या मागण्या असू शकतात. एक म्हणजे ओळख देणं, शिफारस करणं. दुसरी म्हणजे त्याने पैसे दिले नाहीत तर मी देईन असं कबूल करणं. पहिलीत तुमचं नाव पणाला लागतं, दुसरीत तुमचा पगार आणि घर.

हा फरक तोंडी बोलतानाही पाळायला हवा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १२६ प्रमाणे हमी लेखी असते तशी तोंडीही असू शकते. समजा, पुतण्याला घराच्या दुरुस्तीसाठी पत्रे आणि सिमेंट उधार हवं आहे आणि तुम्ही त्याच्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानात गेलात. "हा माझा पुतण्या, आजवर कोणाचं बुडवलेलं मला माहीत नाही" एवढं म्हणालात तर ती ओळख झाली. "तू माल दे, त्याने नाही दिले तर मी आहे" म्हणालात आणि त्या भरवशावर दुकानदाराने माल सोडला, तर तुम्ही जामीन राहिलात. दुकानदाराला ते कोर्टात सिद्ध करावं लागेल हे खरं, पण तुम्ही बोललात हे तुम्हाला माहीत असतंच.

शिफारसपत्राचंही तेच. गोव्यातल्या हॉटेलात, जहाजावर किंवा आखातात नोकरीला जाणारी आपली मुलं गावातल्या मुख्याध्यापकांकडे, आधीच्या मालकाकडे पत्र मागतात. त्या पत्रात या व्यक्तीला मी कधीपासून ओळखतो, कोणत्या नात्याने ओळखतो आणि स्वतः काय पाहिलं, एवढंच लिहावं. 'दोन मोसम माझ्याकडे रिसॉर्टवर रिसेप्शन सांभाळलं, रोजची रोकड रोज जुळली' या एका ओळीला 'अत्यंत प्रामाणिक व होतकरू' या छापील ओळीपेक्षा जास्त वजन असतं. पत्र इंग्रजीत हवं असेल तर 'आय कॅन व्हाउच फॉर हिज ऑनेस्टी' हे वाक्य नेमकं बसतं. 'व्हाउच फॉर'च्या पुढे माणूस येतो किंवा त्याचा गुण, आणि बोलणाऱ्याने ते स्वतः पाहिलेलं असावं अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. जे पाहिलं नाही त्याबद्दल 'आय कान्ट व्हाउच फॉर दॅट' म्हणणंही तिकडे सभ्यच मानलं जातं. मात्र 'आय गॅरंटी' किंवा 'आय विल बी रिस्पॉन्सिबल फॉर एनी लॉस' अशी वाक्यं शिफारसपत्रात घालू नका. तिथून पत्र संपतं आणि हमी सुरू होते.

कोर्टातला जामीन हा तिसराच प्रकार. आरोपी तारखेला हजर राहील याची ती हमी असते. तो फरार झाला तर बंधपत्रात लिहिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. पुढे तुमचा भरवसा उडाला तर जामिनकीतून मोकळं करा असा अर्ज कोर्टाकडे करता येतो. तो विषय वकिलाला विचारूनच करावा. इथून पुढे मी फक्त कर्जाच्या जामिनकीबद्दल लिहितो.

एक मात्र महिलांसाठी. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून गटाने कर्ज घेताना पाच-दहा जणींच्या सह्या एका कागदावर होतात. तिथेही बहुतेक वेळा प्रत्येकजण इतरांची जामीन असते. 'मी माझे हप्ते भरले, माझं संपलं' हे तिथे चालत नाही.

दुसरी पायरी: स्वतःचं पाणी जोखा

एका कागदावर तीन आकडे लिहा: हातात येणारा पगार, तुमचे स्वतःचे चालू हप्ते, आणि ज्या कर्जाला जामीन राहायचं आहे त्याचा हप्ता. पहिल्यातून दुसरे दोन वजा करून उरलेल्या पैशात घर चालतं का? चालत नसेल तर उत्तर इथेच मिळालं.

जामीन राहिलेलं कर्ज तुमच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालातही दिसतं. उद्या तुम्हाला घर बांधायला कर्ज हवं असेल तेव्हा बँक तुमच्या नावावरची ही जबाबदारी धरते, आणि कर्जदाराने हप्ते चुकवले असतील तर तुमच्या गुणांवर त्याचा परिणाम होतो. हे गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. सही करण्याआधी एक अहवाल काढून ठेवा. आधी कुठे जामीन राहिला असाल आणि विसरला असाल, तर तेही त्यात सापडण्याची शक्यता असते.

हे घरात बोला. नवऱ्याने बायकोला न सांगता, बायकोने नवऱ्याला न सांगता दिलेली सही नोटीस आल्यावरच उघडी पडते, आणि तेव्हा पैशापेक्षा न सांगितल्याचं दुःख मोठं असतं. शिवाय जामीनदार वारला तरी आधी झालेल्या कर्जाची जबाबदारी संपत नाही. त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरती ती वारसांवर येते. मुलांच्या वाट्याला येणारी गोष्ट घरात माहीत असायलाच हवी.

तिसरी पायरी: कर्जदाराचा पैसा कोणत्या महिन्यात येतो ते विचारा

पगारदाराचा पैसा दर महिन्याला येतो. आपल्याकडच्या बहुतेक धंद्यांचा तसा येत नाही, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला उभा असतो.

होडीचं उदाहरण घ्या. राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे दोन महिने आवक शून्य, आणि नेमक्या त्याच दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढून डागडुजी, रंग, जाळी विणणं आणि इंजिनाचं काम निघतं. हंगाम सुरू होण्याआधी खलाशांना उचल द्यावी लागते. पर्ससीनवाल्यांना, म्हणजे मासळीला वेढा घालणारं मोठं जाळं वापरणाऱ्यांना तर राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे. आता समजा, ५ लाखांचं कर्ज आहे, वार्षिक १२ टक्के व्याज, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता ११,१२२ रुपये होतो. जून-जुलैचे दोन हप्ते मिळून २२,२४४ रुपये होतात आणि ते मेअखेरपर्यंत बाजूला काढून ठेवलेले असायला हवेत. "जून-जुलैचे हप्ते कुठून भरणार?" हा प्रश्न होडीवाल्याला सरळ विचारा. ज्याने विचार केलेला आहे तो लगेच उत्तर देतो. ज्याने केलेला नाही तो "होईल काहीतरी" म्हणतो. हा फरक मला त्या माणसाच्या स्वभावाच्या दाखल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आंब्याचं वेळापत्रक निराळं. पैसा मुख्यतः मार्च ते मेमध्ये येतो, खर्च मात्र पाऊस संपल्यापासून सुरू: फवारण्या, राखण, पेट्या, काढणीची मजुरी. अवकाळी पाऊस किंवा तुडतुडे आले की हिशेब कोलमडतो. इथे आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, जो नवखा जामीनदार विचारत नाही: वाशीच्या फळबाजारातल्या दलालाकडून उचल घेतली आहे का? घेतली असेल तर पेट्या वाशीला पोचल्यावर आधी उचल वळती होते आणि उरलेलं बागायतदाराच्या हातात पडतं. संस्थेचा हप्ता त्या उरलेल्यातून जायचा असतो. मासळीतही तीच रीत. ज्या व्यापाऱ्याने डिझेल-बर्फाला पैसे पुढे केलेले असतात त्यालाच मासळी द्यावी लागते आणि भावही त्याचाच चालतो. अशी उचल घेणं ही वाईट गोष्ट मुळीच नाही, धंद्याची ती चाल आहे. पण तिचा आकडा तुम्हाला माहीत हवा. बाग स्वतःची की कराराने घेतलेली, हेही विचारा. कराराची असेल तर करार किती हंगामांचा आहे? पाच वर्षांचं कर्ज आणि एका हंगामाचा करार हे गणित जुळत नाही.

होमस्टे आणि पर्यटनाच्या होड्यांचा पैसा दिवाळी, नाताळ, मेची सुट्टी आणि जोडून आलेल्या शनिवार-रविवारांभोवती येतो, पावसात बहुतेक ठिकाणी आटतो.

हे सगळं कळल्यावर लगेच नकार द्यायची गरज नाही. उलट इथेच जामीनदार कर्जदाराच्या खऱ्या उपयोगी पडू शकतो. दोघांनी मिळून संस्थेत जा आणि सांगा की हप्ते हंगामाप्रमाणे बांधून द्या: आंब्याला वर्षातून एक मोठा हप्ता मेअखेर, होडीला ऑगस्ट ते मे असे दहा हप्ते. सगळ्या संस्था ऐकतीलच असं नाही, पण मंजुरीच्या आधी विचारलं तर ऐकण्याची शक्यता असते. थकल्यावर विचारून ती राहत नाही.

चौथी पायरी: कागद घरी आणून वाचा

फॉर्म काउंटरवर उभ्याने वाचायचा कागद नव्हे. एक प्रत घरी मागा. संस्था देत नसेल तर मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा आणि रात्री जेवण झाल्यावर सावकाश वाचा.

सगळ्यात आधी हे शब्द शोधा: 'संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या'. दोन जामीनदार आहेत म्हणजे माझ्यावर निम्मीच जबाबदारी, असा समज सर्रास आढळतो. या शब्दांचा अर्थ असा की संस्था पूर्ण रक्कम तिघांपैकी कोणाही एकाकडे मागू शकते. करार कायद्याचं कलम १२८ हेही सांगतं की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याची होडी विका, मग माझ्याकडे या' असा हक्क जामीनदाराला आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहारच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग संपवा मगच जामीनदाराला हात लावा, असं म्हणायला लागलं तर जामीन घेण्याचा उपयोगच उरणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. वसुलीला येणारा माणूस आधी तुमच्याच कार्यालयात आला तर त्यात बेकायदेशीर काही नसतं. पगारदाराकडून पैसे काढणं सोपं, म्हणून तो आधी येतो.

'मला या कर्जातला एक रुपयाही मिळाला नाही' हेही उत्तर चालत नाही. कर्जदाराला कर्ज मिळालं, एवढं करार कायद्याच्या कलम १२७ ला पुरतं.

मग पगारकपातीचं संमतीपत्र पाहा. सहकारी संस्थेला तुम्ही असं पत्र लिहून दिलंत की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे संस्थेच्या लेखी मागणीवरून तुमचं कार्यालय पगारातून रक्कम कापून संस्थेकडे पाठवू शकतं. कागदांच्या गठ्ठ्यात हे एक वेगळं पान असतं आणि त्यावर कार्यालयाचा शिक्का मागितलेला असतो. ते पान कशाचं आहे हे सही करताना माहीत असू द्या.

आता चेक. सही करून कोरे चेक देऊ नका. जामीनदाराने दिलेला चेक वटला नाही तरी चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ लागू शकतं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेक द्यावाच लागला तर रक्कम भरा, मागे कर्जखाते क्रमांक लिहा, चेकचे नंबर पोचपावतीवर घ्या.

करारात आणखी एक ओळ असते, लांबलचक आणि बारीक टायपात. कर्जदार आणि संस्था यांनी पुढे व्याजदर बदलला, मुदत वाढवली, कर्ज नव्याने बांधून दिलं तरी जामीनदाराची त्याला आताच संमती आहे, अशा अर्थाची. कायद्याने जामीनदाराला इथे आधार दिलेला आहे. करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे त्याच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. या एका ओळीने तो आधार तुम्ही आपल्या हाताने सोडून देता. ती खोडायची विनंती करून पाहा. छापील फॉर्म म्हणून संस्था बहुधा नकार देईल. निदान 'असा बदल झाल्यास जामीनदारास लेखी कळवावे' एवढं जोडून मागा आणि एका वेगळ्या पत्राने संस्थेला कळवून पोच घ्या.

कर्ज कॅश क्रेडिटचं असेल तर जास्त जपा. तिथे रक्कम घेतली-भरली असं वर्षानुवर्षं चालतं आणि तुमची हमीही चालू राहते. अशी चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती लेखी सूचना देऊन मागे घेता येते, कलम १३० प्रमाणे. तोवर निघालेली बाकी मात्र तुमच्याकडे राहतेच.

रिकाम्या जागा भरल्याशिवाय सही नाही. रक्कम आकड्यात आणि अक्षरी, व्याजदर, दंडव्याज, मुदत, दुसऱ्या जामीनदाराचं नाव. दुसरा कोण हे ठरलेलं नसेल आणि तो असणार या भरवशावरच तुम्ही तयार झाला असाल, तर 'सहजामीनदाराची सही झाल्यावरच माझी हमी लागू' असं सहीच्या वर लिहा. अशी अट घातलेली असताना दुसऱ्याने सही केलीच नाही, तर कलम १४४ प्रमाणे तुमची हमी वैध ठरत नाही. तसंच तुमची हमी ठराविक रकमेपुरती मर्यादित करता येते. '५ लाखांच्या कर्जापैकी कमाल १ लाख रुपयांपुरती हमी' असं करारात लिहून घेणं कायदेशीर आहे. मागणारे फार थोडे, म्हणून देणारेही थोडे.

पाचवी पायरी: तारण आणि विमा

होडीचा विमा आहे का, त्यात वादळाचं नुकसान येतं का, कर्जदाराच्या आयुष्याचा विमा कर्जाला जोडला आहे का, हे विचारा. नसेल तर काढायला लावा, तोच तुमचाही आधार आहे. तारण असेल तर त्याची नोंद झाल्याची खात्री करा. जमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढलेला दिसायला हवा. गाडी असेल तर आरसी बुकावर. तुमच्या संमतीशिवाय संस्थेने तारण सोडून दिलं तर त्या किमतीपुरते तुम्ही मोकळे होता असं कलम १४१ सांगतं. पण तारण काय होतं याची नोंद तुमच्याकडे असेल तरच ते दाखवता येईल.

नाही म्हणायचं असेल तर

नात्यात नाही म्हणणं जड जातं. खोटं कारण सांगू नका. गाव लहान असतं आणि 'माझं सिबिल खराब आहे' म्हणून नकार देऊन पुढच्या महिन्यात नवी गाडी घेतलीत तर तो घाव जास्त खोल बसतो. "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण हप्ता माझ्यावर आला तर माझ्या घराला तो पेलणार नाही. मी हिशेब मांडून पाहिलाय" हे मोठ्या माणसालाही सांगता येतं, फक्त वेळेवर सांगा. आठ दिवस झुलवून मग नकार दिलात तर त्याला दुसरा जामीनदार शोधायला वेळ उरत नाही.

आणि नकाराबरोबर काहीतरी हातात द्या. कागदपत्रं जुळवायला जा. सोन्यावरचं कर्ज त्याला स्वस्त पडेल का ते पाहा, त्याला सहसा जामीनदार लागत नाही. जमत असेल तर परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे स्वतः हातउसने द्या. तोटा झाला तरी तो किती, हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

सही केल्यानंतर

मंजुरीपत्र, करारनामा, जामीनपत्र आणि हप्त्यांचं वेळापत्रक यांच्या प्रती एका फाइलीत ठेवा. संस्थेकडे तुमचा चालू मोबाइल नंबर आणि पत्ता नोंदवा. मुंबईत राहत असाल तर मुंबईचाच पत्ता द्या. गावच्या बंद घराच्या कडीला लावलेली नोटीस गणपतीला आल्यावर वाचायला मिळते, आणि तोवर तारीख उलटून गेलेली असते.

दर तीन महिन्यांनी कर्जदाराकडे पासबुक मागा. यात अविश्वास नाही, आणि पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं तर कोणाला टोचतही नाही. बाकी कशी उतरते याची कल्पना असू द्या. वर घेतलेल्या ५ लाखांच्या कर्जात दोन वर्षं एकही हप्ता न चुकता भरला तरी मुद्दल सुमारे ३ लाख ३५ हजार उरलेलं असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. 'दोन वर्षं नीट भरतोय, आता काय काळजी' असं वाटतं तेव्हाही दोन तृतीयांश ओझं तुमच्या खांद्यावर असतंच.

एक हप्ता चुकला की त्याच आठवड्यात भेटा. तीन चुकेपर्यंत थांबलात तर दंडव्याज चढतं, खातं थकीत होतं आणि माणूस तोंड चुकवायला लागतो. संस्था गप्प आहे म्हणजे आपण सुटलो असंही धरू नका. संस्थेने नुसती वसुली लांबवली तर जामीनदार मोकळा होत नाही, कलम १३७.

नोटीस आली तर

पहिली नोटीस संस्थेची किंवा तिच्या वकिलाची असते. तिला लेखी उत्तर द्या आणि खातेउतारा मागा. पुढे सहकारी पतसंस्था सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. गावात याला '१०१ ची नोटीस' म्हणतात. बहुराज्य सहकारी संस्था असेल तर वाद लवादाकडे जातो. दोन्हीकडे तारखेला हजर राहा. जामीनदाराचं सर्वात मोठं नुकसान गैरहजर राहिल्याने होतं. उताऱ्यात न धरलेल्या पावत्या, करारापेक्षा जास्त लावलेलं व्याज, तुमची नसलेली सही, न घेतलेली सहजामीनदाराची सही, हे सगळं तिथेच लेखी मांडायचं असतं. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध त्याच अधिनियमाच्या कलम १५४ खाली फेरतपासणी मागता येते, पण त्यासाठी येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. आणि दाखला हाती आल्यावर वसुली अधिकारी सहकारी संस्थांच्या १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे जप्ती आणि विक्री करू शकतो.

पैसे भरायची वेळ आलीच तर आधी कर्जदार, सहजामीनदार आणि तुम्ही एकत्र बसून संस्थेकडे एकरकमी तडजोडीची विचारणा करा. त्यात व्याजात सूट मिळू शकते. भरताना पावती स्वतःच्या नावाने, 'जामीनदार म्हणून भरले' अशा शेऱ्यासह घ्या. कर्जदाराच्या हाती रोख देऊन त्याच्या नावाने पावती फाडलीत तर पुढचे हक्क सिद्ध करणं अवघड होतं. आणि ते हक्क मोठे आहेत. पूर्ण कर्ज तुम्ही भरलंत की करार कायद्याच्या कलम १४० प्रमाणे संस्थेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क तुमच्याकडे येतात, तारणासकट. भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कलम १४५ देतं. सहजामीनदाराकडून त्याचा वाटा कलम १४६ प्रमाणे मागता येतो: दोघे जामीनदार असाल आणि तुम्ही एकट्याने २ लाख भरले असतील, तर १ लाख त्याच्याकडून. दोन्ही दाव्यांना मुदत तीन वर्षांची. कर्जदाराविरुद्ध ती तुम्ही पैसे भरल्यापासून मोजतात, सहजामीनदाराविरुद्ध तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरल्यापासून.

खातं बंद झालं की, ते कोणीही भरून बंद झालेलं असो, संस्थेकडून बेबाकी (काहीही येणं नसल्याचा) दाखला, तुमचं मूळ जामीनपत्र आणि न वापरलेले चेक परत घ्या, पगारकपातीचं पत्र रद्द झाल्याचं आपल्या कार्यालयाला कळवा. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जात बँकेकडे मालमत्तेचे मूळ कागद असतील तर १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला तो दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा, आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा एकदा सिबिल काढून ते कर्ज बंद दिसतंय का पाहा.